ओळख पटली नाही

गाडी सुरू करायची तर निरंजन गायधनीला आधी बायकोशी बोलावं लागे. चेष्टा नव्हे, कायदाच तसा होता. सीटवर बसायचं, पट्टा लावायचा, सुनेत्राला फोन लावायचा आणि मिनिटभर काहीबाही बोलायचं. आज भाजी काय केली, पाणी आलं का, खोकला कसा आहे. मग डॅशबोर्डातून एक गोड आवाजाची बाई 'ओळख पटली' असं म्हणे आणि गाडी जागी होई.

त्या गुरुवारी ती बाई वेगळंच म्हणाली.

"ओळख पटली नाही."

"काय म्हणाली रे ती?" फोनवरून सुनेत्राने विचारलं. ती संगमनेरला होती, बहिणीकडे.

"काही नाही. रेंजचा घोळ असेल. पुन्हा बोलू."

पुन्हा बोलले. सुनेत्राने बहिणीच्या दारातल्या लिंबाला किती लिंबं धरलीत ते सांगितलं, निरंजनने नाशिकचं ऊन कसं तापलंय ते सांगितलं. बाई पुन्हा तेच म्हणाली.

"निरंजन," सुनेत्रा म्हणाली, "यंत्रालासुद्धा कळलं बघ."

ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. 'बघतो काय झालंय ते' असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि गंगापूर रोडच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत, तो बराच वेळ नुसता बसून राहिला.

या कुलपाचं सरकारी नाव 'संवाद-कुलूप'. लोक त्याला गप्पांचं कुलूप म्हणत. त्याच्याआधी फुंकर मारायची यंत्रं होती. प्यायलेला माणूस गाडीत बसे आणि शेजारच्या पानवाल्याला फुंकर मारायला लावून निघून जाई. शिवाय फुंकरीत दारू कळते, पण झोप कळत नाही, आणि मांडीवर ठेवलेल्या मोबाइलमध्ये अडकलेलं डोकं तर मुळीच कळत नाही. मग पुण्यातल्या काही शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मध्ये एक फट असते. ती फट इतकी छोटी असते की समोरच्याचं वाक्य पुरतं संपायच्या आतच आपला मेंदू उत्तर जुळवायला लागलेला असतो. समोरचा कुठे थांबणार, हे त्याला आधीच उमगलेलं असतं. गाडी चालवताना लागतं ते हेच. पुढचा ब्रेक मारणार, डावीकडची म्हातारी रस्ता ओलांडणार, हे क्षणभर आधी उमगायला हवं. डोकं ठिकाणावर नसलं की पहिल्यांदा हे उमगणं मंदावतं, आणि बोलण्यातली फट किंचित रुंदावते. आपल्याला ते कळत नाही, यंत्राला कळतं.

अडचण एकच होती. अनोळखी माणसाशी बोलताना प्रत्येकाचाच ताल चुकतो. त्यामुळे माप घ्यायला जवळचं माणूस लागतं. वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणाऱ्या दोघांचा एक पक्का ताल बसलेला असतो, आणि तो बोटांच्या ठशाइतका त्यांचा स्वतःचा असतो. कुलूप बसवताना तंत्रज्ञ येऊन पंधरवडाभर या जोडीच्या गप्पा यंत्राला ऐकवत असे. पुढे यंत्र त्या तालाशी ताडून पाही. शब्दांशी त्याला देणंघेणं नव्हतं. भांडलात तरी चालत असे, फक्त नेहमीसारखं भांडायला हवं.

ज्याच्या गाडीखाली माणूस गेलं, त्याच्या गाडीला हे कुलूप सक्तीचं होतं. दोष सिद्ध होवो वा न होवो.

निरंजनचा दोष सिद्ध झाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी, द्राक्षांच्या हंगामात, दिंडोरीकडच्या ज्या वायनरीत तो नोकरीला होता, तिथून तो संध्याकाळी कामासाठी नाशिकला निघाला होता. बोरमाळ फाट्यावर शैला गांगुर्डे नावाची अंगणवाडी सेविका जीपची वाट पाहत उभी होती. ती गाडीखाली आली आणि जागीच गेली. निरंजनच्या रक्तात अल्कोहोल सापडलं, पण कायद्याच्या मर्यादेच्या आत. डॅशबोर्डावर मोबाइल होता आणि त्यावर वायनरीतल्या टाकीचं तापमान दिसत होतं, त्याचा दंड झाला. मात्र त्या क्षणी शैलाचाही फोन चालू होता. ती फोनवर बोलत बोलत रस्त्यात आली, असं निरंजनच्या वकिलाने मांडलं आणि न्यायालयाने ते मानलं.

"तू प्यायला होतास का?" सुनेत्राने त्याला तेव्हा विचारलं होतं. एकदा नव्हे, कितीतरी वेळा.

"मी पीत नाही. मी चाखतो," निरंजन म्हणे.

हे वाक्य त्याने उभ्या आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की ते म्हणताना त्याला विचारही करावा लागत नसे. तो वायनरीचा मुख्य चाखणारा होता. सकाळी जीभ ताजी असताना तळघरात जायचं, पिंपापिंपातून नमुने काढायचे, घोट तोंडात घोळवायचा, वर हवा ओढायची आणि पिकदाणीत थुंकून टाकायचा. हंगामात हाच उद्योग संध्याकाळपर्यंत. या धंद्यात कोणीच याला पिणं मानत नाही. घशाखाली गेलं तर ते पिणं. घरी निरंजन दारूला शिवत नसे, लग्नाकार्यात ग्लास हातात धरत नसे, आणि या गोष्टीचा त्याला चांगलाच तोरा होता.

सुनेत्राचा त्या उत्तरावर अर्धा विश्वास बसला आणि अर्धा बसला नाही. अर्ध्या विश्वासावर एका घरात राहणं फार कठीण असतं. ती बहिणीकडे गेली ती राहिलीच. पण दुपारी कुलपासाठी फोन आला की उचलायची. दीड वर्ष त्या दोघांचा संसार म्हणजे ते एक मिनिट होतं.

या होळीनंतर निरंजन निवृत्त झाला. वायनरीने वास ओळखणारं यंत्र आणलं होतं, त्याला लोक 'नाक' म्हणत. नाकाला पगार लागत नाही आणि सर्दी होत नाही. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला. वायनरीच्या आवारातली क्वार्टर सोडून तो नाशिकच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. फ्लॅटमध्ये सगळं होतं, फक्त बोलायला कोणी नव्हतं. गाडीची त्याला गरज पडली नाही, कारण जायचंच कुठे नव्हतं.

आणि मग गेल्या आठवड्यात सुनेत्राने आपणहून फोन केला. "मी खूप विचार केला," ती म्हणाली. "तू खोटं बोलणारा माणूस नाहीस. माझंच चुकलं असेल. रविवारी मला न्यायला ये."

"बसने येतेस का? किंवा मी टॅक्सी..."

"नाही. बसने आले तर मी नुसती परत आले असं होईल. तू ये. दारात गाडी लाव, ताईच्या हातचा चहा पी आणि मला घेऊन जा. तू चालव, मी तुझ्या शेजारी बसते."

अपघातानंतर ती त्याच्या गाडीत एकदाही बसली नव्हती. तिच्या या वाक्याचं वजन निरंजनला बरोबर कळलं. त्या रात्री त्याला सुखाची झोप लागली.

आणि आता गाडी म्हणत होती की हा नवरा आणि ही बायको एकमेकांना ओळखत नाहीत.

शुक्रवारी त्याने मदतकेंद्राला फोन केला. तिथला मुलगा फार नम्र होता. "सर, यंत्र चोख आहे. 'अवधान कमी' असं म्हणत असतं तर आम्ही वेगळा विचार केला असता. 'ओळख पटली नाही' याचा अर्थ तुमचा आणि मॅडमचा ताल मूळ नोंदीशी जुळत नाही. दूर राहणाऱ्या जोडप्यांत होतं असं. तुम्ही दुसरा सोबती नोंदवा."

"दुसरा म्हणजे कोण?"

"कोणीही, सर. ज्याच्याशी तुम्ही रोज मोकळेपणाने बोलता असं कोणीही."

निरंजनने फोनमधली नावं वर-खाली सरकवून पाहिली. नागपूरचा भाऊ दिवाळीला आणि गुढीपाडव्याला बोलत असे, तेही वहिनीने फोन हातात दिला तर. कॉलेजच्या मित्रांचा एक गट होता, त्यात सगळे एकमेकांना सकाळी फुलांची चित्रं पाठवत. वायनरीतल्या लोकांशी तो वर्षानुवर्षं बोलला होता, पण आंबटपणाबद्दल आणि लाकडाच्या वासाबद्दल. शेवटी त्याने शेजारच्या कुलथे साहेबांना पार्किंगमध्ये नेलं. कुलथे बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गप्पिष्ट. ते सलग दहा मिनिटं आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. यंत्राने दोघांना मिळून शून्य गुण दिले.

"तुम्ही मध्ये काही बोललाच नाहीत हो," कुलथे तक्रारीच्या सुरात म्हणाले.

छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात जगातल्या एकाच माणसाशी आपला ताल जुळला होता, आणि तोही आता गेला, असं निरंजनला वाटलं. त्याला रडूच आलं. कुलथ्यांसमोर रडणं बरं दिसत नव्हतं, म्हणून तो खाली वाकून टायरची हवा बघू लागला.

शनिवारी सकाळी तन्वी आहेर आली. ती त्याच्या हाताखाली शिकलेली आणि आता त्याच्या जागेवर बसलेली. तिने डिकीतून लाकडी खोकं काढलं आणि टेबलावर ओळीने छोट्या बाटल्या मांडल्या.

"सर, नाकाने या सगळ्यांना एकच गुण दिलाय. मला पटत नाही. एकदा चाखून सांगता का?"

निरंजनच्या अंगात जीव आला. त्याने स्वच्छ पातेलं आणलं, ग्लास विसळले, खिडकी उघडली. एकेक घोट तोंडात घोळवत, थुंकत, परत चाखत त्याने दोन तास काढले. चौथ्या बाटलीच्या पिंपाचं लाकूड ओलं होतं, सातवीत द्राक्षं एक दिवस उशिरा तोडली होती. तन्वी ऐकत होती. खूप दिवसांनी निरंजनचं कोणी ऐकत होतं.

"बाटल्या ठेवून जाते, सर," जाताना ती म्हणाली. "आणि एक सांगू? आता तुम्ही तुमच्यासारखे वाटलात. मघाशी दार उघडलंत ना, तेव्हा मला वाटलं बरं नाहीये तुम्हाला."

ती गेली आणि सुनेत्राचा फोन आला. उद्या किती वाजता निघणार, ताई विचारतेय. बोलता बोलता निरंजन खाली उतरला, सवयीने गाडीत बसला आणि पट्टा लावला.

"ओळख पटली," बाई म्हणाली.

"ऐकलंस का?" निरंजन ओरडलाच. "सुनेत्रा, ऐकलंस?"

"ऐकलं रे बाबा!" तिकडे तीही हसत होती. या खेपेचं हसणं खरं होतं. "मला वाटलंच होतं, यंत्रच बिघडलंय म्हणून."

तो लगेच कोपऱ्यावरच्या सेंटरवर जाऊन गाडी धुऊन आला. शेजारच्या सीटवरची धूळ त्याने स्वतःच्या हाताने पुसली.

संध्याकाळी चहा घेतल्यावर त्याला ते वाक्य पुन्हा ऐकावंसं वाटलं. कुठे जायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. तो खाली गेला, सुनेत्राला फोन लावला आणि उद्या पुरणपोळी असेल का असलं काहीतरी विचारलं.

"ओळख पटली नाही."

सुनेत्राला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने हाताने स्पीकर झाकला. फोन कसाबसा आवरता घेतला. मग तो वर आला आणि टेबलापाशी बसला. समोर तन्वीने ठेवलेल्या बाटल्या होत्या.

चाखणाऱ्याची एक शिस्त असते. कालची चव आणि आजची चव वेगळी लागली तर वाईनला शिव्या द्यायच्या नाहीत. मधल्या वेळात काय बदललं ते शोधायचं. ग्लास बदलला का, खोली तापली का, न्याहारीला लसूण होता का? एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा चाखायचं. निरंजनने तरुण पोरांना हे जन्मभर शिकवलं होतं. आता त्याने तेच स्वतःवर लावलं. माणसं तीच, फोन तोच, गाडी तीच. गुरुवारी दोनदा नाही, शनिवारी दुपारी हो, संध्याकाळी नाही. दुपारी काय होतं?

दुपारी तोंडात वाईन होती.

त्याने तो विचार झटकला, पण आतली शिस्त झटकता येईना. थुंकलेल्या घोटातलं थोडं आत जातंच, जिभेतून, गालांतून, नकळत गिळलेल्या थेंबांतून. दिवसभरात पन्नास-साठ नमुने चाखले तर रक्तात उतरतं, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. मर्यादेपेक्षा कमीच उतरतं, चढत वगैरे नाही. मेंदूचा फक्त तो पुढचं ओळखण्याचा वेग किंचित मंदावतो. आता यंत्राची पहिली नोंद कधी झाली? हंगामात, वायनरीच्या आवारात, दुपारी, तळघरातून वर आल्यावर. त्यानंतरचा प्रत्येक फोन? तोही दुपारी, चाखून झाल्यावर. रविवारीसुद्धा तो पिंपं बघायला जातच असे.

म्हणजे यंत्राने ज्या निरंजनला निरंजन म्हणून लक्षात ठेवलं होतं, तो थोडासा प्यायलेला निरंजन होता. आत्ता खुर्चीवर बसलेल्या, दुपारचं चाखलेलं उतरून गेलेल्या या माणसाला ते ओळखत नव्हतं.

पण शिस्त म्हणते की पुन्हा चाखल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

रविवारी सकाळी उठून त्याने आंघोळ केली, सुनेत्राने घेतलेला फिका निळा शर्ट घातला आणि टेबलाशी बसला. बाटल्या एकामागून एक उघडल्या. घोट घोळवले, थुंकले, परत पहिलीपासून सुरुवात केली. डोकं अगदी स्वच्छ वाटत होतं, नेहमीसारखं. हेच सगळ्यात भयंकर होतं. मग तो खाली उतरला, गाडीत बसला आणि फोन लावला.

"उठलास का? मी केव्हाची तयार होऊन बसलेय," सुनेत्रा म्हणाली. "ताईने सकाळीच पुरण शिजत घातलंय. बॅग दारात ठेवलीये."

"निळा शर्ट घातलाय."

"तो? कॉलर विरलीये त्याची, टाकून दे आता."

"ओळख पटली," बाई म्हणाली आणि गाडी जागी झाली.

"चला," सुनेत्रा म्हणाली. "सावकाश ये."

निरंजनचे हात स्टिअरिंगवर होते. रस्ता मोकळा होता. दीड-दोन तासांत तो संगमनेरला पोचला असता. चहा, पुरणपोळी, ताईच्या डोळ्यांत पाणी, आणि मग येताना शेजारी सुनेत्रा. कुणाला कधीही कळलं नसतं. रोज सकाळी थोडं चाखलं की झालं. यंत्र म्हणेल ओळख पटली, बायको म्हणेल ओळख पटली, आणि तो पुन्हा म्हणेल, मी पीत नाही. त्याला ती इतकी हवी होती की क्षणभर त्याने पाय पेडलवर ठेवलासुद्धा.

मग त्याने गाडी बंद केली.

"सुनेत्रा, मी निघत नाहीये."

"का? काय झालं?"

त्याने सांगितलं. तन्वीच्या बाटल्या, काल दुपार, काल संध्याकाळ, आजची सकाळ. सरळ, एकामागून एक.

"म्हणजे त्या दिवशीही?" तिने शेवटी विचारलं.

"त्या दिवशी तर जास्तच. हंगाम होता. सकाळपासून चाखत होतो."

"मर्यादेच्या आत होतं म्हणालास."

"आतच होतं. त्यात खोटं नाही. पण मी टाकीचं तापमान बघत होतो, सुनेत्रा, आणि तिथून मान वर करायला मला उशीर झाला. ती रस्त्यात आली असं मी कोर्टात म्हणालो. ती कुठे उभी होती ते मला माहीतच नाही. मी बघत नव्हतो."

संगमनेरच्या त्या घरात कुणीतरी कुकरची शिट्टी वाजू दिली आणि गॅस बंद केला.

"मला वाटायचं," सुनेत्रा म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं की तू माझं बोलणं जरा लांबून ऐकतोस. मी बोलले की तू जरा थांबायचास, मग उत्तर. अगदी थोडाच उशीर. मला वाटायचं माझं बोलणंच कंटाळवाणं आहे. मी कमी बोलायला लागले, तुला कळलं तरी का?"

"नाही."

"आणि परवा गुरुवारी तू पटकन बोलत होतास. मला वाटलं, घाईत आहेस. फोन ठेवायचाय तुला."

त्या गुरुवारी निरंजन तिच्याशी पूर्ण शुद्धीत बोलला होता, आणि तिला ते परक्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

"मला माफ..."

"ते माझ्याकडे मागू नकोस," ती म्हणाली. "मला सांगून मोकळा होऊ नकोस, निरंजन. त्या गांगुर्ड्यांना जाऊन सांग."

"खटला पुन्हा उभा राहील. कदाचित तुरुंग..."

"राहू दे उभा."

"आणि तू?"

"मी काय," सुनेत्रा म्हणाली. "बॅग आत ठेवते." आणि तिने फोन ठेवला.

गाडी तिथेच ठेवून निरंजन चालत बसस्टँडवर गेला. चाखलेलं उतरायला हवं होतं. गांगुर्ड्यांपुढे तोंडाला वास घेऊन उभं राहायचं नव्हतं. म्हणून तो स्टँडच्या बाकावर बसून राहिला. एसट्या येत होत्या, जात होत्या. सोमवारी जायचं ठरवून तो शेवटी घरी आला, उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि न जेवता आडवा झाला.

सोमवारी दुपारी तो दिंडोरीची एसटी आणि मग जीप असं करत बोरमाळला पोचला. शैलाच्या नवऱ्याचं, पोपट गांगुर्डेचं घर शोधायला वेळ लागला नाही. बाहेर पत्र्याचा मांडव, त्याखाली द्राक्षाचे रिकामे क्रेट, आणि एका क्रेटवर बसून पोपट फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होता. त्याने मान वर केली. दोन वर्षांत दोघं कोर्टातच काय ते भेटले होते, आणि तिथेही एकमेकांकडे बघायचं टाळत.

"काय काम काढलं?" पोपट म्हणाला. आवाजात राग नव्हता, आदरातिथ्यही नव्हतं.

"तुम्हाला काही सांगायचंय."

"वकिलाबरोबर या मग."

"वकिलाला ठाऊक नाही. खरं काय झालं ते मी सांगायला आलोय. कोर्टातपण सांगणार आहे, पण आधी तुम्हाला." आणि निरंजन उभ्या उभ्याच बोलू लागला. "त्या दिवशी माझ्या अंगात दारू होती. मी पीत नाही असं मी म्हणत आलो, ते मलाही खरंच वाटत होतं. पण होती. आणि मी मोबाइल बघत होतो. तुमची बायको रस्त्यात आली असं मी..."

"थांबा."

पोपट उठून उभा राहिला होता. हातातलं नोझल त्याने क्रेटवर ठेवलं. तो मारेल असं वाटूनही निरंजन हलला नाही.

"तवा फोन कुणाचा आलता तिला, ठाव हाय का तुम्हाला?" पोपट म्हणाला.

"नाही."

"आमच्या समृद्धीचा. पोरगी नऊ वर्षांची होती. लवकर ये, भूक लागली, एवढंच बोलली ती. मग तुमचा वकील म्हणला, फोनमुळं मेली. पेपरात तुमच्या फोटोसकट आलं, गावात झालं. पोरीनं ऐकलं. तवापासून पोरगी फोनला हात लावत नाही. मी बाहेर असलो अन् फोन केला तर उचलत नाही. भूक लागली असं म्हणत नाही. ताटात पडंल ते खाती, नाही पडलं तर तशीच बसती. मी किती सांगितलं, बाई तुझं काही चुकलं नाही. बापाचं कोण ऐकतंय."

निरंजनने मांडवाच्या खांबाला हात टेकला.

"मी तिला..."

"मला नका सांगू काही," पोपट म्हणाला. त्याने दुसरा क्रेट पालथा करून पुढे सरकवला. "बसा. शाळा सुटायला अजून टाईम हाय. पोरगी यिऊ द्या. तिच्यासमोर सांगा."

निरंजन बसला. पोपटने पुन्हा नोझल हातात घेतलं आणि सुईने त्याची भोकं मोकळी करू लागला. शेतातला वाफा भरला तसं पोपटने उठून पाण्याची मोटर बंद केली आणि परत येऊन बसला. एकदा त्याने पाण्याचा तांब्या निरंजनच्या पायाशी ठेवला, पण त्याच्याकडे न बघता.

मग रस्त्याच्या वळणावर निळ्या गणवेशातल्या चार-पाच मुली दिसल्या. बोरीच्या झाडापाशी त्यांतल्या तिघी-चौघी पांगल्या आणि एक एकटीच घराकडे वळली. दप्तर एका खांद्यावर, मान खाली. मांडवात परका माणूस बघून ती थबकली आणि बापाकडे पाहू लागली.

"ये," पोपट म्हणाला. "हे सायब तुझ्याशी बोलायला आलेत."

मुलीने निरंजनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने त्याला ओळखलं, हे त्याला दिसलं.

"बाळा," निरंजन म्हणाला, "आई तुझ्या फोनमुळे गेली नाही. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो."